समासातले ठिपके

३ फेब्रुवारी

मावशी,

आधी रागावून घे, मग पुढचं वाच. म्हणजे मध्येच पत्र टेबलावर आपटायची वेळ येणार नाही.

मामांच्या समग्र वाङ्मयाचा चौथा खंड महिन्यापूर्वीच बांधून आला. तुझी प्रत वेगळी पाठवली आहे. कागद चांगला आहे, बांधणी भक्कम आहे. उपनिषदांवरच्या व्याख्यानांत मला आतापर्यंत एकच चूक सापडली आहे आणि ती कुठली ते मी कुणाला सांगणार नाही. पण त्याच खंडात मामांचे डोळे गेल्यानंतरच्या कविता आहेत, तू उतरवून घेतलेल्या. तुझ्या वह्यांच्या समासात जागोजागी एकेक ठिपका आहे. कुठे दोन ओळींनंतर, कुठे सात. मला वाटलं, मामांनीच मुद्दाम सांगितले असतील. एवढा मोठा तत्त्वज्ञ माणूस उगाच कशाला ठिपके देईल? मूळ प्रतीत जे आहे ते गाळायचं नाही, हे चौतीस वर्षं प्रुफं तपासून माझ्या हाडात भिनलंय. मी ते ठिपके जसेच्या तसे छापायला लावले. आता एका प्राध्यापकांनी त्यावर बावीस पानांचा लेख लिहिलाय. ठिपका म्हणजे निर्गुण ब्रह्म आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे माया, म्हणे. भर सभेत वाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करणार!

तर ते ठिपके कसले, एकदा सांगून टाक.

दुसरं काम. पुढच्या महिन्यात मामांना जाऊन दोन वर्षं होतील. आमच्या प्रकाशनाच्या मालकांना पाचवा आणि शेवटचा खंड ह्याच वर्षी काढायचाय. पहिल्या पाच वह्या माझ्याकडे आहेत. सहावी, सातवी आणि त्यानंतरचं जे काही असेल ते पाठव. लोक वाट बघतात गं. परवा कार्यालयात एक बाई आल्या होत्या. नवरा गेल्यापासून त्या रोज मामांचं एक पान वाचतात. ‘शेवटी शेवटी ते काय म्हणाले?’ एवढंच त्यांना विचारायचं होतं. वह्या आल्या की कळवतो म्हटलं आणि त्यांचा पत्ता लिहून घेतला.

गुडघे काय म्हणतात?

तुझा
खोडरबर


११ फेब्रुवारी

खोडरबरा,

हसून हसून पोट दुखलं. कित्येक महिन्यांत अशी हसले नव्हते. निर्गुण ब्रह्म! अरे, दादा भिंतीशी वळला की मी एक ठिपका द्यायची, एवढंच आहे ते.

तुला त्याची ही पद्धत माहीत नसणार. तू आमच्याकडे राहायचास तेव्हा त्याला दिसत होतं. तेव्हा तो स्वतः लिहायचा, आणि तू त्याच्या कागदांवर रबर फिरवून ठेवायचास, म्हणून तर तुला हे नाव पडलं. डोळे गेल्यावर त्याला बसल्याजागी काही सुचेना. एके दिवशी उठला, उजवा हात भिंतीला लावला, डाव्या हातात काठी घेतली आणि चालायला लागला. दारापासून खिडकीखालच्या टेबलापर्यंत अकरा पावलं. मी टेबलाशी, खोलीकडे पाठ करून बसलेली. तो बोलायचा, मी लिहायची. मध्येच म्हणायचा, ‘चार फेऱ्यांमागे काय म्हटलं ते वाच.’ आता चार फेऱ्यांमागे म्हणजे नेमकं कुठे, हे मला कसं कळणार? म्हणून ठिपके. वळला की ठिपका.

खाली घड्याळजींचं दुकान आहे, आमची जमीन म्हणजे त्यांचं छत. काठीच्या ठोक्यांनी त्यांच्या उघड्या घड्याळांत धूळ पडायची. शेवटी त्यांनीच वर येऊन काठीला रबरी बूच बसवून दिलं. ‘तुमचं ब्रह्म माझ्या स्प्रिंगांत अडकतंय,’ म्हणाले. दादाला ते वाक्य इतकं आवडलं की भेटायला येईल त्याला सांगायचा.

त्या प्राध्यापकांना काही कळवू नकोस हं. बावीस पानं लिहायला कष्ट पडले असतील बिचाऱ्यांना.

सहावी आणि सातवी वही पाठवते आहे. आठवी अजून चालू आहे. म्हणजे उतरवून काढायचं काम चालू आहे. माझं अक्षर आताशा नीट येत नाही. थोडा धीर धर.

डॉक्टर म्हणतात, पलंग ते बाथरूम एवढंच चालायचं, बाकी सगळं बसून. मी बसूनच असते.

मावशी


२ मार्च

मावशी,

वह्या पोचल्या. सातवी मी जेवणाच्या सुट्टीत उघडली. सुट्टी कधीच संपली, हे टायपिंगच्या मुलीनं येऊन सांगितलं तेव्हा डबा तसाच होता.

मामांच्या आधीच्या कवितांत विचार मोठा असायचा आणि माणूस कुठेतरी लांब उभा असायचा. सातव्या वहीत माणूस जवळ येऊन बसलाय. ही तर मला पाठच झाली:

भिंतीपर्यंत जातो.
भिंत म्हणते, पुरे.
परत फिरल्यावर कळतं,
पाठीशी तीच आहे.

त्या बाईंना मुद्दाम बोलावून ऐकवली. पिशवीतून रुमाल काढला, डोळे टिपले आणि उठून गेल्या. मामा नेहमी म्हणायचे, लिहिणारा कोणी नसतो, लिहिणं असतं. मला ते भाषणातलं वाक्य वाटायचं. ह्या वहीत पहिल्यांदा ते खरं वाटलं.

आता एक विचारू का? तू ठिपक्यांचं सांगितलंस म्हणून सुचलं, नाहीतर माझ्या लक्षातही आलं नसतं. सातव्या वहीच्या पहिल्या पानावर तारीख आहे १९ जुलै. मामा बाथरूममध्ये पडले ते जूनच्या पहिल्या आठवड्यात. खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यानंतर शेवटपर्यंत ते पलंगावरून उठले नाहीत. मी दोनदा येऊन गेलो होतो, कूस बदलायलाही दोन माणसं लागायची. आणि सातव्या वहीत तर पानोपानी ठिपके आहेत.

मग भिंतीशी वळत कोण होतं?

खोडरबर


६ मार्च

तुला वह्या प्रुफं तपासायला दिल्या होत्या, मला तपासायला नाही.

सवयीनं पडले असतील ठिपके. म्हाताऱ्या माणसाच्या हाताला सवयी असतात, तुलाही लागतील. आठवी वही म्हणून काही नाही, नव्हतीच. सातवीवर खंड संपव.

दादाच्या दिवशी येणार होतास, ते येऊ नकोस. जिना तुलाही त्रासाचा आणि मलाही.


१५ मार्च

मावशी,

तू नको म्हणालीस, म्हणून काल आलो नाही. दिवसभर कार्यालयात बसलो आणि पहिल्या खंडाचं पहिलं पान पुन्हा तपासलं. त्यात काही चूक नव्हती. मामांच्या दिवशी दुसरं काय करायचं, ते मला कळेना.

मी कान पकडतो. विचारायला नको होतं. निदान त्या स्वरात तरी नको होतं. आमच्या धंद्यात माणूस चूक शोधायला बसतो आणि मग त्याला समोरचा माणूसही पानासारखाच दिसायला लागतो. बायको हे मला लग्नापासून सांगते आहे.

आई गेल्यावर चार वर्षं मी तुमच्या त्या खोलीत काढली. मामा मला आत्मा शिकवायचे, तू मला अक्षरं शिकवलीस. माझं पोट अक्षरांवर भरलं. तेव्हा तू लिहिलेलं काही खोडायला मी येईन, असं मनात आणू नकोस. ठिपक्यांबद्दल मी पुन्हा विचारणार नाही. तुला सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर खंड सातवीवर संपेल.

खोडरबर


४ एप्रिल

चि. खोडरबर,

तू विचारणार नाही म्हणालास, आणि तेव्हापासून मला सांगितल्याशिवाय चैन पडेना. लहानपणापासून तुझी हीच खोड.

खुबा मोडल्यावर दादाचं चालणं गेलं आणि त्याबरोबर सुचणंही गेलं. दीड महिना तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. भेटायला आलेल्यांना वाटायचं ध्यान लागलंय, ते हळूच पाय न वाजवता परत जायचे. तो घाबरला होता रे. ‘हा देह म्हणजे मी नव्हे’ हे ज्यानं जन्मभर शिकवलं, तो रडताना म्हणायचा, ‘धाकटे, माझे पाय.’ मी त्याचे पाय दाबत बसायची. दुसरं काय करणार?

एका दुपारी, तीनचा सुमार असेल, तो एकदम म्हणाला, ‘धाकटे, तू चाल. मला ऐकू दे.’ मी त्याची काठी घेतली आणि चालले. दार ते टेबल, टेबल ते दार. चौथ्या-पाचव्या फेरीला त्याच्या तोंडून ओळ आली. मी टेबलाशी पोचले की वाकून लिहायची, ठिपका द्यायची आणि परत फिरायची. त्या दिवशी आम्ही दोघंही लहान मुलांसारखे खूश होतो.

मग त्याच्या ओळी कमी झाल्या. आधी अर्धी ओळ द्यायचा, मग एखादा शब्द. मग एकदा मीच चालता चालता पुढची ओळ म्हटली. मुद्दाम नव्हे, आली तोंडात. तो ‘हं’ म्हणाला. मी लिहिली. पुढे तसंच झालं. मी म्हणायची, पटलं की तो ‘हं’ करायचा. ‘हं’ नाही आलं तर मी पुन्हा दारापासून सुरू करायची. शेवटच्या दोन महिन्यांत ते ‘हं’ होतं की नुसता श्वास, हे मी स्वतःला विचारलं नाही. ‘हं’सारखं ऐकू येईपर्यंत मी थांबायची, एवढं तुला सांगते.

म्हणजे सातवी वही कुणाची? तू ठरवायला जाऊ नकोस. मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

आता आठवीचं. दादा गेल्यावर तीन आठवड्यांनी मी दुपारी टेबलाशी बसले होते. खिडकीकडे तोंड, खोलीकडे पाठ, माझी नेहमीची जागा. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले आणि मागून काठी ऐकू आली. काठी, पाऊल, पाऊल. टेबलापर्यंत आली, वळली, दाराकडे गेली. मला भीती नाही वाटली. मी वळून पाहिलं नाही. लेखणी उचलली आणि लिहायला लागले. तेव्हापासून रोज, तीन ते साडेचार. एवढ्या दिवसांत मी एकदाही वळून पाहिलेलं नाही. शपथ कुणी घातलेली नाही, माझं मलाच कळतं.

माझ्या डोक्यावर परिणाम झालाय, असं तुला वाटेल. वाटू दे. पण माझे गुडघे तुला माहीत आहेत, डॉक्टरांचा कागद हवा तर पाठवते. मी चालत नाही. मी बसलेली असते. तेव्हा ते चालणं माझं नाही.

आठवी वही सोबत पाठवते आहे, पण एका अटीवर. ती दादाच्या नावानं छापायची. फक्त दादाच्या. दुसरं काही केलंस तर तो यायचा थांबेल. असं कशावरून, ते विचारू नकोस. आणि खोडरबरा, ही वही त्याची नसेल तर दोन वर्षं ह्या खोलीत मी एकटीच होते. ते मला झेपणार नाही.

मावशी


२२ एप्रिल

मावशी,

आठवी वही दोनदा वाचली. तुझी अट कबूल. शीर्षकपानावर मामांचंच नाव जाईल. मालकांनी वही हातात घेऊन मला चहा पाजला, ही गोष्ट चौतीस वर्षांत पहिल्यांदा घडली.

एकच पान सारखं समोर येतं:

तू गेल्यावर खोली मोठी झाली.
एवढ्या जागेचं काय करू?
एक खुर्ची इकडे ओढली.
एक तुझ्याकडे राहू दिली.

मामा हे कुणाला म्हणतात? आमचे प्राध्यापक म्हणतील, इथे ‘तू’ म्हणजे अहंकार, आणि आणखी बावीस पानं लिहितील. लिहू देत. मी काही म्हणत नाही. पण काल हे पान तपासताना मी खुर्चीतून वळून मागे पाहिलं. मागे टायपिंगची मुलगी होती, ती दचकली.

गुडघ्यांना जप. दुपारी घटकाभर आडवी होत जा.

खोडरबर


७ मे

चि. खोडरबर,

तुझं पत्र वाचून छातीवरचं ओझं उतरलं. तू शब्दाचा पक्का आहेस, ते मला ठाऊकच होतं.

इकडे सगळं ठीक. नववी वही सुरू झाली. दादा आताशा रंगात असतो, काही दुपारी चार-चार पानं होतात आणि माझा हात भरून येतो. पडदे धुतले. समोरच्या इमारतीला नवा रंग देतायत, त्याचा वास खोलीभर आहे. घड्याळजींना मोतीबिंदू झालाय, म्हणतात आता घड्याळं कानानं दुरुस्त करतो. काठीचं बूच झिजून पार पातळ झालं होतं, ते त्यांनीच परवा बदलून दिलं. जुनी बुचं मी टाकत नाही, खणात ठेवते. टाकवत नाहीत.

प्रुफं आली की मला पाठव. दादाला वाचून दाखवायची आहेत.

मावशी


२० मे

मावशी,

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहितोय, तेव्हा सलग लिहून टाकतो.

तुझ्या पत्रात बूच झिजल्याचं वाचलं आणि मी तिथेच अडलो. नावाचाच खोडरबर असलो तरी रबर मला कळतं. ते नुसत्या ऐकू येणाऱ्या पावलांनी झिजत नाही. गुरुवारी मी न कळवता आलो. वर आलो नाही. अडीचला घड्याळजींच्या दुकानात जाऊन बसलो. त्यांना विचारलं, वरून काही ऐकू येतं का? ते म्हणाले, ‘येतं की. दोन वर्षं रोज. तीन म्हणजे तीन. मी त्यावर घड्याळं लावतो.’ मी विचारलं, तुम्हाला कधी नवल नाही वाटलं? म्हणाले, ‘ताईंना चालायला सांगितलं असेल डॉक्टरांनी.’

तीन वाजले आणि छतावर काठी वाजली. मी मोजलं. मामांची अकरा पावलं होती. ही एकोणीस होती, आखूड, एक पाय ओढत टाकलेला. मग मी जिना चढलो. हवेसाठी तू दार अर्धं उघडं ठेवतेस. मावशी, टेबलाशी कोणी बसलेलं नव्हतं. तू चालत होतीस. उजव्या हातात काठी, डावा हात भिंतीवर, तोंडानं कविता म्हणत. दोन वेळा म्हटलीस, मग थांबलीस, जणू कुणाचं तरी ऐकतेस. मग टेबलाशी वाकून लिहिलंस, ठिपका दिलास आणि वळलीस. वळल्यावर माझ्याकडे सरळ पाहिलंस. मी तुला दिसलो नाही.

मी चोरासारखा खाली आलो.

तुला न सांगता मामांच्या नावानं वही छापणं सोपं होतं. मी शब्दही दिला होता. पण ते पान मी पुन्हा पुन्हा तपासतोय आणि मला चूक दिसतेय. आयुष्यभर दुसऱ्यांच्या काना-मात्रा सुधारल्या, आणि ही एवढी मोठी चूक पुढे कशी जाऊ देऊ? त्या कविता तुझ्या आहेत. त्या बाई ज्या चार ओळींवर रडल्या, त्याही बहुधा तुझ्याच.

सोबत शीर्षकपानाची दोन प्रुफं आहेत. एकावर मामांचं नाव, एकावर तुझं. एक खोडून पाठव. ते काम मी करणार नाही.

तू एकटी होतीस हे मला माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं.

खोडरबर


३० जून

मावशी,

सहा आठवडे झाले. घड्याळजींनी दुसऱ्याकडून चिठ्ठी लिहून घेऊन पाठवली. वर चालणं बंद आहे, ताई दार उघडतात, जेवतात, पण बोलत नाहीत, आणि दुकानातली घड्याळं चुकायला लागलीत, असं त्यात आहे.

मालक रोज विचारतात. मी रोज काहीतरी थाप मारतो. खंडाचं जाऊ दे. खंड नाही निघाला तरी चालेल. मी चुकलो असेन तर दोन ओळीत शिव्या घाल, पण लिही. तू म्हणशील ते नाव घालतो. मी शनिवारी येतोय, दार उघडलं नाहीस तर जिन्यात बसेन.

खोडरबर


९ जुलै

चि. खोडरबर,

शनिवारी आलास, तासभर बसलास, एक अक्षर बोलला नाहीस आणि जाताना पाण्याची घागर भरून ठेवलीस. म्हणून लिहिते आहे. नाहीतर लिहिणार नव्हते.

तुझं ते पत्र आलं त्या दिवशी मी तीन वाजता टेबलाशी बसले. पाठ खोलीकडे. साडेतीन झाले, चार झाले. काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. महिनाभर मी रोज बसत होते. तू माझा भाऊ दुसऱ्यांदा मारलास, असं मी रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हटलं. तुझ्या तोंडावर म्हणायचं होतं, पण शनिवारी तुझा चेहरा बघून म्हणवलं नाही.

मग एके दिवशी मी खण उघडला. त्यात बुचं आहेत. दादाच्या वेळची तीन, आणि त्यानंतरची दोन. दादा डाव्या हातात काठी धरायचा, त्याची बुचं डाव्या अंगानं झिजलीत. नंतरची दोन्ही उजव्या अंगानं. पहिलं बदलताना घड्याळजींनी तेव्हाच बोट फिरवून म्हटलं होतं, ‘ताई, ह्या खेपेला उजवीकडून गेलंय.’ आणि मी ‘हं’ म्हटलं होतं. म्हणजे मला दीड वर्षापूर्वीच कळलं होतं. कळलं होतं, पण मी ते मान्य केलं नव्हतं. मला अजूनही बसल्याचंच आठवतं. मागून काठी येते आहे, हेच आठवतं. तू पाहिलंस ते खोटं नाही, आणि मी ऐकलं तेही खोटं नाही. ह्याचं काय करायचं, ते दादाच्या चार खंडांत कुठे असेल तर मला दाखव.

काल तीन वाजता मी उठले. जाणूनबुजून, पहिल्यांदाच. काठी घेतली. गुडघ्यांनी आपलं म्हणणं मांडलं, ते ऐकून घेतलं आणि चालले. आता मला माझीच पावलं ऐकू येत होती, एकोणीस, तू मोजलीस तेवढीच. फार भयानक होतं रे. सबंध खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. दुसऱ्या फेरीला वाटलं, पुरे, बसावं. चौथ्या फेरीला ओळ आली:

ही पावलं माझी निघाली.
आता विचारायला हवं,
मला कुठे जायचं होतं.

मोठ्यानं म्हटली आणि थांबले. ‘हं’ची वाट पाहिली. पलंग तिथेच आहे, चादर घातलेली. पुन्हा म्हटली. पुन्हा थांबले. किती वेळ उभी होते कोण जाणे, समोरच्या इमारतीचे रंगारी सामान आवरून निघून गेले. ‘हं’ आलं नाही.

मग मी तशीच लिहिली.

आता तुझ्या शीर्षकपानांचं. सहाव्या वहीपर्यंत दादाचं नाव आहेच. सातवीवर दोघांचं घाल. त्याचं आधी, तो मोठा. आठवीवर माझं, आणि नववी पुरी होईल तेव्हा तिच्यावरही. लिहिणारा कोणी नसतो, असं दादा जन्मभर म्हणाला. त्याच्या प्रत्येक पुस्तकावर त्याचं नाव होतं, त्याला म्हणायला काय जातंय? मी एकदा नाव घालून बघते, मग म्हणेन.

त्या बाईंना सांग, शेवटी शेवटी तो ‘माझे पाय’ म्हणाला. खरं सांग, त्या समजून घेतील.

आणि एक. काल ती ओळ लिहून झाल्यावर मी टेबलाशी वळले. वळलं की सबंध खोली दिसते. पलंग, दार, दाराजवळची त्याची चपलांची जागा. दोन वर्षं मी मागे पाहिलं नव्हतं, काल पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. मी पुन्हा टेबलाकडे फिरले, वाकले आणि वहीत ठिपका दिला.

आठवीतले ठिपके गाळू नकोस. प्राध्यापकांना हवं ते म्हणू दे. ते माझे आहेत.

मावशी